हलकी ड्यूटी

महाडच्या स्टॅंडवर आपल्या बायकोनं गाडीच्या पायरीवर ठेवलेला पाय परत खाली घेतला, तो महिपतनं डाव्या आरशात पाहिला. इंजिन अजून सुरू केलं नव्हतं, म्हणून बोलणंही ऐकू आलं. बनूच्या काखेत चार वर्षांची आवडी होती, दुसऱ्या हातात गाठोडं. शिमग्याला ती पोलादपूरजवळच्या वाडीवर माहेरी निघाली होती. "पोलादपूरचीच ना ही?" तिनं विचारलं. "चढा वैनी, जागा हाय," कंडक्टर काशीराम म्हणाला. तिनं पाय ठेवला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, विचारलं, "गाडीवर कोण हाय?" काशीराम हसला. "कोण म्हंजे? आपले महिपतदाच. सवची फेरी कापून आज हिकडं दिल्यात त्यांना." बनूनं पाय काढून घेतला. आवडीला वर सरकवलं, आणि शेजारच्या बाईशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे. मी मागल्या गाडीनं येते."

काशीरामनं घंटी मारली. महिपतनं गाडी बाहेर काढली. समोर कोणी नसताना दोनदा हॉर्न दिला. कानामागे काहीतरी तापत चाललं होतं. रस्त्यावरच्या एखाद्या परक्या बाईनं तसं केलं असतं तर त्याला काही वाटलं नसतं. गेल्या पावसाळ्याच्या आदल्या पावसाळ्यापासून अशी माणसं त्याला ठाऊक होती. ती चढताना ड्रायव्हरचं तोंड बघत आणि ओळख पटली की देवाचं नाव घेत. पण ही बनू. आपल्या कमाईचं खाऊन, आपलाच डबा भरून, आपल्याच पोरीला घेऊन ही बाई तासभर उन्हात उभी राहणार, पण माझ्या गाडीत बसणार नाही. आणि तेही पोलादपूरच्या सरळ रस्त्याला. घाट असता तर एक वेळ. त्याला वाटलं, गाडी अशीच वळवावी, स्टॅंडवर न्यावी, तिच्या दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवावी आणि सांगावं, बघ आता. पण काय बघ? हाच प्रश्न वाईट होता. तिला दाखवण्यासारखं त्याच्याजवळ काय उरलं होतं?

आंबेनळीच्या घाटात त्याची गाडी घसरली, ती आषाढात. महाबळेश्वरहून खाली येताना एका वळणावर डोंगराची माती रस्त्यावर उतरली, आणि मागचं डावं चाक कडेवरून सुटलं. मेलं कोणी नाही. गाडी क्रेननं ओढून काढली, चौकशी झाली, ड्रायव्हरचा दोष नाही असं डेपोच्या साहेबांनीच लिहून दिलं. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण लोकांनी तिचे दोन तुकडे केले. माणसं वाचली ती देवीच्या कृपेनं, आणि गाडी घसरली ती महिपतच्या हातून. हे दोन तुकडे असे पक्के झाले की कोणी ते पुन्हा जोडून बघितले नाहीत. प्रवाशांच्या वाड्यांवर देवीला नारळ फुटले. सोनाबाई नावाच्या म्हातारीचा हात मोडला होता, तिला बघायला तो फळं घेऊन गेला, तर ती म्हणाली, "तुजा काय दोष रे बाबा, येळ वाईट व्हती." त्यालाही ते बरं वाटलं. दोष नाही तो नाहीच. पण दोष नाही म्हणताना लोकांनी त्याच्या हातातून सगळंच काढून घेतलं, हे त्याला तेव्हा कळलं नाही. चौकशीत साहेबांनी विचारलं, नक्की काय झालं सांग, तर तो एवढंच म्हणाला, "काय आठवत नाय साहेब. नशीब म्हणून वाचलो." खरोखरच आठवत नव्हतं. मातीचा आवाज, आणि नंतर रस्त्यावर बसून कोणीतरी पाजलेलं पाणी. मधलं सगळं कोरं.

महिन्याभरानं पुन्हा घाटाची गाडी मिळाली. पहिल्या चढाला डावा पाय क्लचवर थरथरायला लागला. त्यानं पायाकडे पाहिलं, आणि पाय अजून जोरात हलला. आपलाच पाय, पण एखादं मुकं जनावर उडतं तसा उडत होता. त्यानं गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर बसून सोमा ड्रायव्हर ड्यूटी संपवून घरी चालला होता, त्यानं येऊन गाडी पुढे नेली. महिपत स्वतःच्याच गाडीत प्रवाशासारखा बसला, आणि सगळी गाडी खिडकीबाहेर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. साहेब देशावरचे, बोलायला मऊ. "महिपत, सगळ्यांनाच सगळं जमलं पाहिजे असं थोडंच आहे? तुला हलकी ड्यूटी देतो. सवची फेरी कर. आरामात जा, आरामात ये." त्या चहाला वेलची होती. पुढं दीड वर्ष त्या वेलचीचा वास त्याच्या तोंडातून गेला नाही.

सवला गरम पाण्याची कुंडं. अंगदुखीची, खरजेची माणसं न्यायची आणि आणायची. कोणी त्याला घाई करत नसे. कोणी रागवत नसे. कॅंटीनमध्ये तो गेला की घाटाच्या गप्पा थांबत आणि कोणीतरी विचारी, "काय महिपत, बरं हाय ना?" जणू तो आजारी. पूर्वी हीच पोरं त्याला आईबहिणीवरून हाका मारत, त्याच्या ताटातला पाव उचलत. आता त्याच्यासाठी बाकावर जागा करत. त्यांच्या चांगुलपणावर थुंकावंसं वाटे, आणि थुंकता येत नाही म्हणून तो अधिकच नरम हसे. आणि घाट तर तिकडे एका जागी उभा होता, पण न जमणं त्याच्या मागोमाग महाडला आलं आणि भाड्याच्या खोलीत पसरलं. कौलं चाळायला तो दरवर्षी स्वतः चढे, यंदा माणूस सांगितला. भावाशी जमिनीवरून बोलायला गावी उमरठला जायचं होतं, ते उद्यावर गेलं. सवच्या वाटेवरच्या एवढ्याशा उताराला तो ब्रेकवर पाय ठेवून उतरे. बनू हे सगळं बघत होती. कधी काही बोलली नाही. आज बोलली ती काशीरामशी.

सावित्रीच्या कडेनं गाडी चालली होती, आणि राग आता बनूवरून सुटून कुठंही जाऊन बसत होता. समोरच्या बैलगाडीवर. रंगानं तोंडं माखलेल्या पोरांवर. साहेबांवर. वडिलांवर, ज्यांना मरून वर्षं झाली होती. वडील धोंडू, वरच्या वाडीतले. महिपत मुंबईला ट्रकवर क्लीनर म्हणून निघाला तेव्हा म्हणाले होते, "जाशील तसा येशील." तो तसा आला नाही, ड्रायव्हर होऊन आला. त्याला शिकवणारा जानू उस्ताद भेटला. काळा, बुटका, तोंडात सदा शिवी. वडाळ्याच्या गोदामामागे पावसाच्या चिखलात महिपतनं ट्रक रुतवला तेव्हा उस्ताद खाली उतरला, विडी पेटवली आणि म्हणाला, "तूच घातलीस ना रे भडव्या? आता तूच काढ." महिपत रडकुंडीला आला. उस्ताद ढिम्म हलला नाही, नुसत्या शिव्या देत बसला. फळ्या टाकून, पुढं मागं करून, चाकं जाळून शेवटी ट्रक निघाला. उस्तादानं शाबास म्हटलं नाही. त्या शिव्यांमध्ये काय होतं, ते महिपतला आज, बायकोनं पाय काढून घेतल्यावर, समजत होतं. ज्याला जमणारच नाही असं वाटतं त्याला कोण कशाला शिव्या देईल?

पोलादपूरला गाडी लागली तर शेडपाशी गर्दी गोळा झालेली. महाबळेश्वरची जादा गाडी भरून उभी, आणि तिचा ड्रायव्हर सोमा बाकावर आडवा. सकाळपासून ओकाऱ्या, डोळे आत गेलेले. कंट्रोलर मोरूभाऊ महाडला फोन लावून लावून थकला होता. दुसरा ड्रायव्हर दुपारनंतर, तोही नक्की नाही. गाडीत मुंबईहून रात्रभर उभ्यानं आलेली माणसं, महाबळेश्वरकडच्या वाड्यांची. गावात पालखी निघायच्या आत पोचायचं म्हणून तळमळत होती. महिपत शेडमध्ये गेला आणि म्हणाला, "मी नेतो."

मोरूभाऊनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्याच त्या ओल्या नजरेनं. "ऱ्हाऊ दे महिपत. तू कशाला तरास करून घेतोस. येईल कोणतरी."

"माज्याकडं लायसन हाय का नाय?"

"तसं नाय रे. साहेबांना इचारल्याशिवाय..."

"मंग इचारत बस," महिपत म्हणाला, आणि काशीरामकडे वळला. "येतोस का दुसऱ्या कंडक्टरला घेऊ?"

काशीराम घुटमळला. मग पिशवी काखेला मारून मागोमाग आला. महिपत सीटवर चढला तेव्हा गाडीत कुजबूज फिरली. काही माणसं उतरली. एक जाडा माणूस बायकोला जवळजवळ ओढत उतरला. महिपतनं मान वळवून सगळ्या गाडीला सांगितलं, "मी त्योच. माजी गाडी घसरली व्हती. उतरायचं त्यांनी आत्ता उतरा, मधी थांबणार नाय." बाकीची बसून राहिली. त्यांचा आपल्यावर विश्वास बसला, असं त्याला वाटलं नाही. यांना नुसती घाई आहे, हे त्याला दिसत होतं. त्यानं गाडी सुरू केली.

रागानं त्याला पहिल्या चढापर्यंत पोचवलं. तिथे राग संपला. इतक्या लवकर संपेल असं वाटलं नव्हतं. मघापर्यंत छातीत भरून होता, आणि आता रस्ता उजवीकडे वर वळला, इंजिन धापा टाकायला लागलं, तसा तो पाणी झिरपावं तसा कुठे गेला ते कळलंच नाही. मागे राहिला डावा पाय. तो थरथरत होता. कपाळावरून घाम डोळ्यात आला. मागे बायका, पोरं, शिमग्याची सोंगं घेऊन आलेली माणसं, आणि त्यांना आपण कुणाला तरी दाखवायला म्हणून घेऊन चाललोय, हे त्याला लख्ख दिसलं. थांबावं. कडेला घ्यावी. दुसऱ्यांदा. मोरूभाऊ म्हणेल, मी सांगितलं नव्हतं? तेही मऊ आवाजातच म्हणेल. "थरथर भडव्या," महिपत पायाला म्हणाला, मोठ्यानंच. बॉनेटजवळ बसलेला म्हातारा दचकला. "किती थरथरायचं तेवढं थरथर." क्लच दाबायची वेळ आली. पाय थरथरत गेला आणि क्लच दाबला गेला. पूर्ण, खालपर्यंत. गियर पडला. गाडी वर सरकली. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. पाय उडत होता आणि काम करत होता. महिपतला हे इतकं चमत्कारिक वाटलं की क्षणभर तो भीती विसरून पायाचाच विचार करत राहिला. दीड वर्षापूर्वी थरथरला म्हणून त्यानं गाडी थांबवली होती. त्यानं एकदाही दाबून बघितलं नव्हतं की हा पाय अजून दाबतो का.

राग परत आला, पण वेगळ्या जागी. आता तो स्वतःच्या दीड वर्षावर होता. त्या वेलचीच्या चहावर, जो आपण कप बशीत उपडा करून प्यालो होतो. हलकी ड्यूटी म्हटल्यावर आपण "उपकार झाले साहेब" म्हणालो होतो. कोणी आपल्या पायात बेड्या घातल्या नव्हत्या. समोरून लाकडं भरलेला ट्रक उतरत आला आणि मधोमध अडला. महिपतनं खिडकीतून डोकं काढून त्याला दोन शिव्या हासडल्या, गाडी मागे घेतली, डोंगराला घासून उभी केली, ट्रकला वाट दिली. ट्रकवाल्यानंही शिवी दिली. मग पुढची दोन वळणं झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ते वळण, जे दीड वर्ष झोपेत दिसत होतं, ते ट्रकच्या भानगडीत मागेच गेलं होतं.

महाबळेश्वरला माणसं उतरली. गाठोडी उचलून वाटेला लागली. गाडी मुक्कामाला पोचली म्हणून कोण आभार मानतो? महिपतला ते फार आवडलं. परतीची माणसं भरली आणि तो घाट उतरायला लागला.

उतरताना ते वळण आलं. आता तिथे कडेला नवे दगड बसवून चुना फासला होता. ऊन होतं, रस्ता कोरडा. महिपतनं पहिला गियर टाकला, आणि तसं करताना हाताला काहीतरी आठवलं. डोक्याच्या आधी हाताला. त्या दिवशीही असाच पहिला गियर टाकला होता. माती आली तेव्हा ब्रेक मारला नव्हता, नुसता ब्रेक मारला असता तर गाडी सरळ खाली गेली असती. स्टिअरिंग डोंगराकडे ओढलं होतं, दोन्ही हातांनी, खांद्यात कळ येईपर्यंत. पुढची चाकं मातीत रुतवली होती. मुद्दाम. मागचं चाक सुटलं, गाडी कलली, आणि सगळी माणसं किंचाळत मागच्या दाराकडे पळाली. तेव्हा तो ओरडला होता, घसा फाटेस्तोवर, "मागं कोण गेला तर टकुरं फोडीन, पुढं या सगळे." माणसं घाबरून पुढे आली होती. गाडीची मागची बाजू उचलली गेली होती, जराशीच. पाय ब्रेकवर ठेवून, एका हातानं त्यानं एकेकाला बॉनेटवरून ओढून आपल्या दारातून बाहेर काढलं होतं. सोनाबाई जड होती, हात धरून ओढली, तेव्हा कटकन आवाज आला. तो हात त्यानंच मोडला होता. देवीनं नाही, वेळेनं नाही. त्यानं मोडला आणि म्हातारी वाचली.

महिपतनं गाडी सावकाश त्या वळणावरून काढली. डोळ्यांत पाणी येत होतं आणि तो दात खाऊन होता. इतका राग त्याला आयुष्यात आला नव्हता. हे सगळं आपण केलं, आणि आपणच चौकशीत म्हणालो, नशीब. लोकांनी काढून घेतलं नव्हतं. त्यानंच देऊन टाकलं होतं, विचारलं तेव्हा, दोन्ही हातांनी.

पोलादपूरला उन्हं कलली होती. शेडसमोर साहेबांची जीप उभी होती. महिपत खाली उतरतो न उतरतो तोच साहेब पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कोणाला विचारून गाडी नेलीस तू? डेपो तुझ्या बापाचा आहे? भरलेली गाडी घेऊन जातोस, तुझी हौस भागवायला? मध्येच पाय लटपटले असते तर त्या माणसांनी काय करायचं होतं?" सगळा स्टॅंड बघत होता. सोमा बाकावर उठून बसला होता. महिपत मान खाली घालून ऐकत होता. साहेब खरं बोलत होते. मध्येच पाय लटपटलेच होते, हे साहेबांना माहीत नव्हतं एवढंच. त्या माणसांचं काय, हा प्रश्न आता जन्मभर त्याच्यासोबत राहणार होता. पण त्या बोलण्याखाली, खूप खोल, त्याला बरं वाटत होतं. दीड वर्षांत त्याच्यावर कोणी रागावलं नव्हतं.

"उद्यापासून कामावर यायचं नाही. सस्पेंड," साहेब म्हणाले. मग त्यांनी त्याचा घामेजलेला शर्ट, लाल डोळे पाहिले, आणि त्यांचा आवाज खाली आला. "घरी जा. विश्रांती घे. मी समजू शकतो, महिपत. तुझी मनःस्थिती..."

"साहेब," महिपत म्हणाला, "शिव्या घाला. मेमो द्या. नोकरी घ्या. पण ह्यो आवाज परत काढू नका माज्यापाशी."

काशीरामनं दुसरीकडे तोंड फिरवलं. साहेब कोरड्या आवाजात म्हणाले, "मेमो मिळेल. चौकशी होईल. या वेळी तोंड उघड. आठवत नाही म्हणालास तर मीच तुला घरी बसवीन." आणि जीपकडे गेले.

बनू चहाच्या टपरीशी उभी होती. घाटाच्या गाडीतून आधीच उतरून गेलेल्या माणसांनी वाडीवर बातमी नेली असणार. ती माहेरहून तशीच आली होती, पायांवर धूळ, आवडी काखेत पेंगुळलेली. "माणसं भरून परीक्षा द्यायला गेलात?" ती म्हणाली. "येकलं जायचं व्हतंत. रिकामी गाडी घेऊन जायचं व्हतंत. त्यांच्या पोरांना तुमी इचारलंत?"

"तू माज्या गाडीत पाय ठेवून काढलास."

"काढला."

"सगळ्या स्टॅंडादेखत."

"काढला म्हणते ना. खोटं कशापायी बोलू?" तिचा आवाज चढला. "पोरीच्या खरजेपायी सवला आले तुमच्या गाडीतनं. मागं बसले व्हते. उतार दिसला का तुमची मान अशी आकसायची, बकऱ्यासारखी. कोण काय बोलत नाय, मी पण नाय बोलले. पर त्या मानेमागं माज्या पोरीला घेऊन मी बसणार नाय, समजलं? तुमच्या हाताचं भ्या नाय मला. तुमालाच तुमचं भ्या वाटतं, त्याचं भ्या हाय."

"दीड वर्सं गिळून बसलीस हे?"

"तुमी पण बसलातच की."

महाडची गाडी लागली. दोघं चढली. प्रवासी म्हणून, तिकीट काढून, पाठच्या सीटवर. ड्रायव्हर कोणी नवा पोरगा होता. गाडी हलली तरी बनूचं तोंड थांबलं नाही. नोकरी गेली तर खोलीभाडं कुठून, भावाशी जमिनीचं कधी बोलणार, कौलं चाळायला माणूस लावला त्यानं निम्मी फोडली, सगळं एका दमात. दीड वर्षांचं साठलेलं. महिपतही मागे हटला नाही. तुझ्या माहेरच्यांनी कधी विचारलं का, असं म्हणाला. ती म्हणाली, त्यांना कशाला मध्ये घेता. पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून पाहिलं, तसा महिपत त्याच्यावर खेकसला, "काय बघतोस? बायको हाय माजी." आवडी दचकून जागी झाली, दोघांकडे बघितलं, आणि आईच्या मांडीवरून उतरून खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर नदी पिवळी पडली होती.

"उद्या उमरठला जातो," महिपत म्हणाला. "भावाकडं."

"जा."

"कौलं मी चाळीन. माणूस नको."

"पडलात तर मी काय उचलायला येणार नाय," बनू म्हणाली, आणि पदरानं तोंडावरची धूळ पुसून पुन्हा खोलीभाड्यावर आली.